सामान कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, अगदी खरं उत्तर द्यायचं हं! सहलीला गेल्यावर गडाच्या पायथ्याशी सतरंजी अंथरून, चपलांचे जोड आणि डब्यांच्या पिशव्या यांच्या मधोमध कोण बसतं? "आम्ही पटकन वर जाऊन येतो, तू बस गं, उगाच दमशील," असं सगळे प्रेमानं कुणाला सांगून जातात?

माझं उत्तर सांगते. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून मी साताऱ्यात राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पाहुणे आले की त्यांना गड दाखवायला न्यायचं हे ठरलेलं. आणि दरवाजाच्या आत जरा सावली बघून सामान घेऊन मी बसायचं, हेही ठरलेलं. गडाच्या पलीकडच्या टोकाला काय आहे ते मला पाहुण्यांच्या फोटोंवरून कळलं.

या सदरात एरवी आपण वाळवणं, मुलांचे डबे, परीक्षेच्या दिवसांतली जागरणं असल्या गोष्टी बोलतो. आज डोंगराबद्दल बोलणार आहे, आणि तेही थेट स्कॉटलंडच्या. "हिला काय झालं?" असं म्हणून पान उलटू नका. कारण माझी ती सावलीतली जागा सुटली, ती तिथे.

माझ्या नणंदबाई ग्लासगोला असतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे ह्यांना, मला आणि अकरा वर्षांच्या लेकीला, बोलावून घेतलं. (तिकिटांच्या पैशांसाठी मी दोन वर्षं भिशी लावली होती, हे जाता जाता सांगून ठेवते.) ग्लासगोपासून मोटारीनं तासाभरावर लॉख लोमंड नावाचं सरोवर आहे. लॉख म्हणजे सरोवर आणि बेन म्हणजे डोंगर, एवढे दोन शब्द आले की तिथला नकाशा निम्मा वाचता येतो. हे सरोवर सुमारे ३६ किलोमीटर लांब आणि ७१ चौरस किलोमीटर पसरलेलं. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड मिळून जी भूमी आहे, तिच्यावर एवढ्या पसाऱ्याचं गोडं पाणी दुसरं नाही. शेजारचा ट्रॉसॅक्सचा डोंगराळ भाग आणि हे सरोवर मिळून २००२ साली स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

पूर्वेच्या काठावर बेन लोमंड उभा आहे. उंची ९७४ मीटर. हे ऐकून आमचे हे हसले. म्हणाले, "आपली कळसूबाई १६४६ मीटर. अहो, ह्यांचा सगळ्यात उंच बेन नेव्हिससुद्धा १३४५! सकाळी जाऊ आणि जेवायला घरी येऊ." भावोजी, म्हणजे नणंदेचे यजमान, नुसतेच गालात हसले. ते का हसले ते मला डोंगरावर कळलं. आमचं सातारा शहरच मुळी सातशे मीटरच्या वर वसलेलं आहे. लॉख लोमंडचं पाणी मात्र समुद्रसपाटीपासून अवघ्या आठ मीटरवर. म्हणजे ९७४ मीटरमधले जवळजवळ सगळे मीटर आपल्या पायांनी मोजायचे! शिवाय हा मुलूख मॉस्कोच्या रेषेत, इतका उत्तरेला, आणि अटलांटिकवरून येणारे ढग पहिले अडतात ते इथल्याच डोंगरांना. पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर बोचरं वारं, हे तिथं मे महिन्यातही नित्याचं.

काय घालायचं यावरून आदल्या रात्री चर्चा झाली. मी म्हटलं, "सलवार-कमीज घालते. त्यातच मी रोज शाळेचे तीन जिने चढते." वन्सं म्हणाल्या, "वहिनी, सुती कापड अजिबात नको. एकदा भिजलं की अंगाला चिकटून बसतं आणि वाऱ्यात माणूस काकडून जातं." त्यांनी आपली चटकन वाळणारी पँट, पातळ लोकरी बनियन आणि पावसाळी जाकीट माझ्यापुढे ठेवलं. ह्यांच्यासमोर, भावोजींसमोर पँट घालून जायची मला कोण लाज वाटली! तेव्हा वन्संनी गंमत सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायका घोळदार झगे घालूनच डोंगर चढायच्या, आणि लोकांच्या नजरेआड गेल्या की कितीतरीजणी वरचा झगा काढून दगडाखाली ठेवून द्यायच्या. येताना तो पुन्हा चढवायचा, की झाल्या सभ्य! गिर्यारोहकांचा तिथला मोठा क्लब तेव्हा फक्त पुरुषांसाठी होता. म्हणून १९०८ साली जेन इंग्लिस क्लार्क, त्यांची लेक मेबल आणि लूसी स्मिथ अशा तिघींनी एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसून बायकांचा स्वतंत्र क्लब काढला. तो आजही चालू आहे. मी मनात म्हटलं, बायांनो, आमची नऊवारी बघितली असतीत, तर धोंडा शोधावा लागला नसता!

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवार्डेननला पोचलो. गाडीरस्ता तिथंच संपतो. वन्संना कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही चौघंच. प्रत्येकाच्या पाठीला स्वतःची छोटी पिशवी, तीत स्वतःचं पाणी, स्वतःचं खाणं, स्वतःचं जाकीट. लेकीलासुद्धा तिची वेगळी. मी सवयीनं सगळ्यांचे ठेपले एका डब्यात भरले होते, ते भावोजींनी चौघांच्या पिशव्यांत वाटून टाकले. तेव्हा मला ते जरा विचित्रच वाटलं.

वाट सुरेख. आधी ओक आणि बर्चची झाडी, मग एक फाटक, मग उघडा माळ. १९८४ पासून हा डोंगर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहे. पायवाट झिजून ओघळ पडू नयेत म्हणून त्यांनी जागोजागी दगड बसवलेत, अगदी आपल्या घाटाच्या पायऱ्यांसारखे. चढताना समोर नुसता डोंगर. पण दम घ्यायला थांबून मागं वळलं की सरोवर दरवेळी आणखी मोठं झालेलं! पाचेकशे मीटरवर वाट एका रुंद खांद्यावर येते आणि बराच वेळ सपाट जाते. डोंगर आपल्याला फसवतो तो इथंच. वाटतं, झालंच की आता.

त्या सपाटीच्या शेवटी, माथ्याच्या नागमोडी चढाला लागणार, तोच ढग उतरला. महाबळेश्वरचं धुकं तुम्ही पाहिलं असेल. ते अंगावरून जातं. हे अंगावर बसलं. वारा सुटला, थंड पाण्याची झड सुरू झाली आणि पंधरा पावलांपलीकडचं दिसेना. लेकीचे ओठ निळसर दिसायला लागले. मी तिचे हात माझ्या काखेत धरून उभी राहिले.

हे म्हणाले, "अगं, आता अर्ध्या तासावर आलंय. असं कर, तू हिला घेऊन हळूहळू खाली जा. आम्ही दोघं माथ्याला हात लावून येतो." आणि पाठीवरची पिशवी काढून माझ्यापुढं धरत म्हणाले, "ही पण ने. म्हणजे आम्हाला भरभर जाता येईल."

मैत्रिणींनो, बारा वर्षांची ती सतरंजी, सातशे मीटरवर, त्या धुक्यात माझ्यापुढे अंथरली गेली. काय झालं कोण जाणे, मी पिशवी घेतलीच नाही. म्हटलं, "वर जायचं तर चौघांनी. नाहीतर खाली चौघांनी." आवाज चढला असावा, कारण भावोजी एकदम दुसरीकडे पाहायला लागले. मला तिथल्या तिथं लाज वाटली. परक्या मुलखात, पाहुणचाराला आलेलो असताना, नणंदेच्या यजमानांसमोर नवऱ्याशी हे असं बोलायचं?

तेवढ्यात धुक्यातून दोन काठ्यांचा टकटक आवाज आला आणि एक बाई वरून उतरताना दिसल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळलं, उरलेलं भावोजींनी सांगितलं. सगळे ठीक आहात ना, असं त्यांनी विचारलं. दोघं वर जाणार, दोघी खाली जाणार, असं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "धुक्यात माणसं वेगळी होऊ द्यायची नाहीत. हा पहिला नियम." माथ्याची धार अरुंद आहे आणि ईशान्येच्या बाजूला सरळ कडा तुटलेला आहे. त्या स्वतः शेवटच्या चढावरून परत फिरल्या होत्या. या डोंगरावर ही त्यांची अकरावी खेप. वरून देखावा दिसला तो फक्त चारदा! हे सांगताना बाईंना त्याचं काही दुःख झालेलं दिसलं नाही. मी खिशातला साताऱ्याचा कंदी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि दुसरा मागून घेतला!

आम्ही चौघंही उतरलो. भावोजी म्हणाले, "चूक माझी. मी हे आधीच सांगायला हवं होतं." मला नियम ठाऊक नव्हता. मी बोलले ते रागानं बोलले होते. पण माझा राग आणि डोंगराचा नियम एकच निघाला, याचं मला फार नवल वाटलं. चारशे मीटरच्या खाली आलो तर ढग डोक्यावर राहिला आणि खाली सरोवर लख्ख उन्हात! हे मात्र गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

रात्री भावोजींनी ह्यांची समजूत घातली, ती ऐकण्यासारखी होती. त्यांच्या दिवाणखान्यात स्कॉटलंडचा नकाशा आहे, चढून झालेल्या शिखरांवर टाचण्या लावलेल्या. तीन हजार फुटांवरच्या शिखरांना तिथं मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची पहिली यादी छापली, म्हणून त्यांचं नाव. आज अशी २८२ शिखरं धरतात आणि बेन लोमंड हा त्यांतला सगळ्यांत दक्षिणेकडचा. ती सगळी चढायचा लोकांना छंदच लागलेला आहे. "पण गंमत अशी," भावोजी म्हणाले, "की खुद्द मन्रोसाहेबांची यादी अपुरीच राहिली. १९१९ साली ते वारले तेव्हा स्काय बेटावरचा एक सुळका आणि आणखी काही शिखरं राहूनच गेली होती. तरीही नाव त्यांचंच लागलं ना?" ह्यांना हसू आलं. मला बरं वाटलं.

पण झोप येईना. खरं सांगू का? "तू बस" असं ते म्हणत, हे खरं. पण मीही लगेच बसत असे, हेही तेवढंच खरं. सहलीच्या आदल्या रात्री पुऱ्या लाटायच्या, पहाटे पाचला उठून डबे भरायचे. गडावर पोचेपर्यंत मी अर्धी संपलेलीच असायची. आणि त्या सतरंजीवर दोन तास मला कुणी हाक मारत नसे. कधीकधी त्याचंही सुख वाटायचं. नुसता ह्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण सामान माझ्या भोवती होतं, तसंच मीही सामानाच्या आड होते.

तिसऱ्या दिवशी वन्संनी रजा काढली आणि आम्हाला बाल्माहा गावी नेलं. तिथली कॉनिक हिल अवघी ३६१ मीटर उंच. म्हणजे साताऱ्यातल्या माझ्या ओट्याशी उभी राहून मी पोळ्या लाटते, तेव्हा तिच्या माथ्याच्या दुपटीच्या उंचीवर असते! पण चढ साधारण आमच्या अजिंक्यताऱ्याएवढा. ह्यांचे गुडघे बेन लोमंडनं बोलते केले होते. ते खालच्या चहाच्या दुकानात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जा तुम्ही. आज सामान मी सांभाळतो." अर्धी थट्टा होती, पण अर्धीच.

वाट आधी दाट झाडीतून लाकडी पायऱ्यांनी चढते. झाडांखाली निळ्या घंटेच्या आकाराच्या फुलांचा सडा होता. मग उघड्यावर आलो, आणि शेवटी मुख्य वाट सोडून माथ्यासाठी एक छोटा, पण उभा चढ लागला. पायाखाली सुटे खडे. मी थांबले, कमरेवर हात ठेवले. तशी लेक वळून म्हणाली, "आई, तू बस इथे. मी आत्याबरोबर पटकन जाऊन येते. उगाच दमशील."

तेच शब्द. तोच प्रेमळ सूर. ह्यांचा नव्हे, माझ्या लेकीचा. तिनं तो कुठं शिकला? मला बसलेली बघूनच ना? आणखी पंधरा वर्षांनी कुठल्याशा गडाच्या पायथ्याशी सतरंजीवर कोण बसलेलं असेल, ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी काही बोलले नाही. दोन हात टेकले आणि चढायला लागले.

आणि वर काय दिसलं म्हणून सांगू! पायाशी सरोवर पसरलेलं आणि त्यात चार हिरवी बेटं एका ओळीत, एखाद्या मोठ्या सुसरीच्या पाठीवरच्या उंचवट्यांसारखी पाण्यातून वर आलेली. इंचकॅलॉख, टॉरिंच, क्रिंच आणि सगळ्यांत मोठं इंचमरिन. आम्ही ज्या कण्यावर उभ्या होतो, तोच कणा पुढं पाण्यात शिरून बेटं झाला होता. वन्संनी हातानं रेघ ओढून दाखवली. जमिनीच्या पोटातला एक प्रचंड तडा स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत तिरका गेलाय, चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीतला. तो नेमका इथून जातो. त्याच्या उत्तरेला हायलँड, म्हणजे डोंगरी मुलूख. दक्षिणेला लोलँड, सखल मुलूख. आम्ही अक्षरशः उंबऱ्यावर उभ्या होतो. डावीकडे शेतं, कुंपणं, घरं, सगळं निवडून ठेवल्यासारखं. उजवीकडे तपकिरी-जांभळे डोंगर एकामागं एक, आणि त्यांत तो परवाचा बेन लोमंड. आज तर डोक्यावर ढगाचा एक तुकडाही नाही, लबाड कुठला!

मी भूगोलही शिकवते, त्यामुळे मला राहवेना. लेकीला तिथंच धडा दिला. सरोवर असं का, तर हिमयुगात बर्फाची नदी उत्तरेकडून खाली सरकत आली. उत्तरेचा दगड कठीण, म्हणून बर्फाला आडवं पसरता येईना. मग त्यानं खोल खणलं. म्हणून तिथं सरोवर अरुंद आणि खोल, एके ठिकाणी तर १९० मीटर. तड्याच्या अलीकडे दगड मऊ लागला, तसा बर्फ ऐसपैस पसरला. म्हणून इकडे सरोवर रुंद आणि उथळ. वर्गातल्या फळ्यावर हे मी कितीदा काढलं असेल, पण पाण्यात काढलेली आकृती प्रथमच पाहिली. पायाखालचा दगडही बघण्यासारखा. गोटे घालून सिमेंट ओतल्यागत दिसणारा. जुन्या नद्यांनी आणलेले गोटे एकमेकांत घट्ट बसून झालेला.

इंचकॅलॉख या नावाचा अर्थ म्हातारीचं बेट, किंवा जोगिणीचं बेट. आठव्या शतकात केंटिगर्ना नावाची एक साध्वी तिथं राहिली आणि तिथंच वारली, असं सांगतात. नावातली ती म्हातारी बघून मला परवाच्या त्या दोन काठ्यांच्या बाई आठवल्या. आम्ही तिघींनी कंदी पेढे खाल्ले. वर वीसच मिनिटं होतो. पण त्या वीस मिनिटांत खाली कुणाला काय हवं असेल याचा विचार माझ्या मनात आला नाही, एवढं खरं.

उतरून चहा घेतला. पैसे दिले तेव्हा सुट्ट्यांत पाच पौंडांची एक नोट आली. तिच्यावर राणी नाही, एक साधी बाई, कपाळाला पट्टा बांधलेली. वन्सं म्हणाल्या, "या नॅन शेफर्ड. तुमच्याच पेशातल्या, वहिनी." अॅबर्डीनच्या कॉलेजात त्या शिक्षक घडवायच्या आणि सवड मिळाली की केर्नगॉर्म या डोंगररांगेत भटकायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी त्या डोंगरांवर छोटंसं पुस्तक लिहिलं, 'द लिव्हिंग माउंटन' नावाचं. ते तीसेक वर्षं तसंच पडून राहिलं आणि १९७७ साली छापलं गेलं. १९८१ साली त्या गेल्या. २०१६ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनं त्यांचं चित्र नोटेवर छापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डोंगर म्हणजे नुसता माथा नव्हे. त्याच्या पोटात शिरावं, झऱ्याशी बसावं, मित्राकडे जावं तसं काही कामाशिवाय जावं. ह्यांनी नोट निरखून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे परवा आपण डोंगरावर गेलो होतो, असं म्हणायला हरकत नाही." आमचा अबोला तिथं संपला. नोट मी खर्चली नाही. डब्यात आहे.

आता थोडं कामाचं. तिकडे जाणं झालं तर, किंवा आपल्याच गडावर जायचं असेल तरीही, हे कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

वेळेचं गणित: १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं बसवलेला हिशेब आजही वापरतात. पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर ३०० मीटर चढाला अर्धा तास वर. बेन लोमंडला जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ९६० मीटर चढ, म्हणजे चार तास. मुलं, फोटो आणि विश्रांती धरून सहा धरा. मेअखेरीस तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्या भरवशावर उशिरा निघू नका.

परतीची वेळ: निघतानाच ठरवा आणि घरी कुणाला तरी वाट व वेळ सांगून जा. ती वेळ झाली की असाल तिथून मागं फिरायचं.

कपडे: एक जाड स्वेटर नको, दोन-तीन पातळ थर हवेत. सुती नको. जाकीट आणि टोपी ऊन असलं तरी पिशवीत. जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढते, आणि वारा ती दुप्पट करतो.

पाय: बुटाचा तळ खाचांचा हवा, आणि बूट नवा कोरा नको. उतरताना अंगठा पुढं आपटतो, म्हणून नखं आदल्या दिवशी कापा.

किडे: मेपासून सप्टेंबरपर्यंत तिथं मिज नावाची बारीक चिलटं असतात. वारा पडला की थव्यानं येतात आणि कडकडून चावतात. गवतात, नेच्यांत गोचिडी असतात. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागं, काखेत नीट बघा.

अडचण आली तर: तिथं ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. शिट्टी जवळ ठेवा. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

शिस्त: स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं कुणालाही बहुतेक मोकळ्या रानातून, खासगी जमिनीतूनही, जबाबदारीनं चालण्याचा हक्क आहे. हक्काबरोबर जबाबदारी अशी, की फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं आणि कचरा आपल्याबरोबर परत आणायचा.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं: ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर. सामान वाटून घेतलं की सांभाळायला कुणी बसवावं लागत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. पुऱ्या नाहीत, भाजी नाही. भडंग, गूळ-शेंगदाणे आणि केळी. पिशव्या तीन, पाठी तीन. सतरंजी ह्यांनी आपण होऊन घेतली आणि वर, पार पलीकडच्या टोकाला नेऊन अंथरली. खाली अख्खं सातारा होतं. बारा वर्षं मी खिडकीतून गड पाहत आले. त्या दिवशी गडावरून माझी खिडकी शोधली. लेकीलाच आधी सापडली. "ती बघ आई, आपली!" ती ओरडली.

आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ओट्यावरच्या दुधावर झाकण ठेवलं होतं की नाही!